पगारातून कापले जाणारे 200 आणि खात्यात येणारे 1500: सरकारी योजनांनी गरिबी खरंच कमी होते का?

अंधेरीतल्या कुठल्याही ऑफिसची सॅलरी स्लिप काढून बघा. पीएफच्या आसपास ‘पीटी’ म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. हा व्यवसाय कर. 1975 मध्ये महाराष्ट्राने तो लावला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. 1972 च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर आली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा पुढे 1977 मध्ये कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने पैसे द्यायचे आणि त्यातून गावातल्या मजुराला काम मिळायचं, असा तो हिशोब.

पण त्याच ऑफिसात लादी पुसणाऱ्या, किंवा असल्फाच्या डोंगरावरून उतरून घाटकोपरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं काय? रोजगार हमी गावासाठी. शहरात त्यांच्या वाट्याला मुख्यतः दोन गोष्टी येतात, रेशन आणि ‘लाडकी बहीण’.

आणि इथेच गंमत सुरू होते. गंमत म्हणायची, सोसावी मात्र मावशींनाच लागते.

फुकट धान्याच्या यादीत बसायचं तर महाराष्ट्रात शहरी कुटुंबाची वर्षाची कमाई 59 हजारांच्या आत हवी. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. समजा, मावशी दोन घरची कामं करून सहा हजार मिळवतात. वर्षाचे झाले 72 हजार. नवऱ्याची कमाई अजून धरलेलीच नाही, तरी कागदोपत्री त्या यादीबाहेर. दुसरीकडे, 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाख. एका खात्याच्या लेखी जी बाई गरीब नाही, ती दुसऱ्या खात्याच्या लेखी मदतीला पात्र. धान्याचा हिशोबही करून बघा. माणशी पाच किलो, पाच माणसांचे 25 किलो. किलोला 30 रुपये धरले तरी महिन्याचे 750 वाचतात.

मग 1500 रुपयांनी काय होतं? वर्षाचे 18 हजार. ज्या घरात वर्षाला 60 हजार येतात, तिथे ही 30 टक्के वाढ आहे. गॅस सिलिंडर, शाळेची रिक्षा, सासूच्या बीपीच्या गोळ्या, भिशीचा हप्ता, यातलं काहीतरी दर महिन्याला उधारीशिवाय सुटतं. शिवाय पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. हे किरकोळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी महिन्याच्या 25 तारखेला वाण्याकडे उधारी मागितलेली नसावी. पण अडीच लाखांच्या घरात तेच 18 हजार जेमतेम सात टक्के. सगळ्यांना सारखंच द्यायचं ठरलं की सगळ्यात गरिबाला कमी पडतं.

विरोधकांचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो हवेतला नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी 36 हजार कोटी ठेवले गेले. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचा निधी इकडे वळवल्याची जाहीर तक्रार केली. 2022 च्या दिवाळीत सुरू झालेला ‘आनंदाचा शिधा’ 2025 च्या दिवाळीत मिळाला नाही. म्हणजे एका हाताने आलेलं दुसऱ्या हाताने थोडं गेलं.

त्यात छाननीचा घोळ. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले. जुलै 2025 मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय. मग सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली, त्यात पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी काय करायचं, याची वेगळी सोय नंतर करावी लागली. ज्यांना मदतीची सर्वात जास्त गरज, त्याच खिडकीवर अडकल्या.

आता मूळ प्रश्न. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार महाराष्ट्रातली गरिबी 2015-16 मधल्या 14.80 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 7.81 टक्क्यांवर आली. लाडकी बहीण त्यानंतरची, त्यामुळे हे श्रेय तिचं नाही. या निर्देशांकात घरात पैसे किती येतात हे बघतच नाहीत. गॅस आहे का, वीज आहे का, मूल शाळेत जातं का, असं बघतात. त्यात एक निकष शौचालयाचा आहे, आणि दुसऱ्या कुटुंबांसोबत वापरलं जाणारं शौचालय त्यात वंचितपणातच मोजलं जातं. बोरिवली-दहिसरच्या सीमेवरच्या गणपत पाटील नगरसारख्या वस्तीत राहणाऱ्या बाईचा हा निकष खात्यातल्या 1500 नी कसा बदलणार? त्यासाठी पाइपलाइन लागते, मलनिःसारण लागतं, मुळात घर कायदेशीर असावं लागतं.

त्यामुळे ‘योजनांनी गरिबी हटते का’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस बहुधा एकाच पक्षाचा असतो. रोख रकमेने महिना निघतो. गरिबीतून बाहेर पडायला मात्र नियमित काम, बरा पगार आणि घर लागतं, आणि त्यातल्या कामाच्या बाबतीत शहराची पाटी कोरी आहे. केरळने 2010 मध्ये, राजस्थानने 2022 मध्ये शहरी रोजगार हमी आणली. कामाचा हक्क देशात सगळ्यात आधी कायद्यात आणणाऱ्या महाराष्ट्रात शहरी मजुरासाठी तसा कायदा नाही. व्यवसाय कर मात्र मुलुंडपासून अंधेरीपर्यंत दर महिन्याला कापला जातोच आहे.