देशाचे सुख मोजायचे तर दुरडीत पाहा



देश किती सुखी आहे हेही आता मोजतात. आपला शेजारी भूतान तर 'सकल राष्ट्रीय आनंद' मोजतो. 2008 सालच्या त्यांच्या राज्यघटनेतच तो शब्द आहे. साऱ्या जगाचाही एक अहवाल 2012 पासून निघतो. त्यासाठी माणसाला एक शिडी मनात धरायला सांगतात. खाली शून्य, वर दहा. मग विचारतात, तुम्ही कितव्या पायरीवर? 2025 साली त्यात फिनलंड पहिला आला आणि 147 देशांत आपला नंबर 118 वा लागला.

मला ही शिडी पटली नाही. आजीला विचारले तर ती म्हणाली, "मी काहून शिडीवर चढू? गुडघे दुखतात माये." त्यापेक्षा जेवणावरून मोजावे, असे माझे मत आहे.

पहिले माप ढेकर. पण पोळ्याच्या पुरणपोळीचा ढेकर आणि सोड्याच्या बाटलीचा ढेकर सारखाच वाजतो. मोजणाऱ्याची फजिती व्हायची. रोडग्यांचे मापही चालणार नाही. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी समोर आली, की रडणारा माणूससुद्धा चार खातो.

तिसरे माप मला पसंत पडले होते. रात्री न सांगता पाहुणा आला, तर दुरडीत भाकर निघते का? आमच्याकडे निघते. बाबा म्हणतात, "घ्या ना अजून, लाजू नका." पाहुणा लाजत नाही. पण ती भाकर आईची असते. ती म्हणते, "मले भूकच नाही." अशा भूक नसलेल्या आया कोणत्या अहवालात मोजतात?

2025 च्या त्याच अहवालात जेवणाचाही प्रश्न होता. आठवड्यातली दुपारची आणि रात्रीची मिळून चौदा जेवणे. त्यांतली किती दुसऱ्या कोणाबरोबर जेवलात? प्रश्न चांगला आहे. पण आई आमच्याजवळच चुलीपुढे बसलेली असते, ते 'बरोबर जेवणे' धरायचे का? फुगलेली भाकर आमच्या ताटात येते. करपलेली आणि सकाळची तिच्या वाट्याला.

आपल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. लाखो माणसे पंगतीला बसतात आणि वाढायला चक्क ट्रॅक्टर फिरतात! सारी मुले ट्रॅक्टर पाहत होती. मी आईकडे पाहत होतो. ती मांडी घालून निवांत बसली होती आणि तिला दुसरे कोणीतरी वाढत होते. तिने भाजी दोनदा मागून घेतली. घरी ती कधीच मागत नाही.

म्हणून दोनच प्रश्न विचारावेत. रात्री घरात शेवटी कोण जेवले? आणि त्याच्या ताटात काय होते? मोजणाऱ्याने न सांगता यावे, आणि प्रश्न बाबांना विचारू नयेत. ते म्हणतील, "जेवली असन."