डागडुजी की बांधकाम?

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला, की गोव्याच्या गावागावांतून घरदुरुस्तीचे बेत सुरू होतात. कोणाचे वासे वाळवीने पोखरलेले असतात, कोणाची मातीची भिंत पाणी पिऊन फुगलेली असते. मग प्रश्न येतो : पंचायतीचा परवाना हवा की नको? शेजारी एक सांगतो, गवंडी दुसरेच सांगतो आणि खरे उत्तर पुष्कळदा काम बंद ठेवण्याच्या नोटिशीतूनच कळते.

1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याचे 66 वे कलम तसे संदिग्ध नाही. नवे घर बांधणे, असलेल्या घरात फेरबदल करणे, त्यास भर घालणे वा ते पुन्हा उभारणे, यांस पंचायतीची लेखी परवानगी लागते. घोटाळा होतो तो 'फेरबदल' या शब्दापाशी. रंगसफेदी, गिलावा, लादी बदलणे, त्याच उंचीवर नवी कौले चढविणे ही डागडुजी होय. केंद्राच्या 2016 च्या आदर्श इमारत उपविधींनीही अशी कामे परवान्यातून वगळली आहेत, अर्थात तो राज्यांसाठी केवळ नमुना आहे. परंतु कौले काढून स्लॅब घालणे, छप्पर उंचावणे, भार पेलणारी भिंत पाडणे, ओसरी बंदिस्त करून दुकान काढणे, जोत्याबाहेर हातभर सरकणे, यांस दुरुस्ती म्हणता येणार नाही. मालक काहीही म्हणो.

समुद्राकाठी ही रेषा अधिकच कडक होते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या ना-विकास पट्ट्यात 1991 च्या आणि 2011 च्या अधिसूचनांनी जुन्या अधिकृत घरांची दुरुस्ती वा पुनर्बांधणी मान्य केली, पण मूळ जोते व चटईक्षेत्र न ओलांडण्याच्या अटीवर. तेव्हा घर उभे आहे तोवरच भूमापनाच्या नकाशावर त्याची आकृती आहे काय, हे पाहून ठेवावे. मोजमापे व छायाचित्रे जपावीत. एकदा घर भुईसपाट झाले, की ते केवढे होते हे सिद्ध करता करता मालकाच्या नाकी नऊ येतात. आणि घरपट्टीची पावती म्हणजे परवाना नव्हे, हा भ्रम तर कितीजणांस महागात पडला आहे!

तथापि सारा दोष लोकांच्या माथी मारण्यास आम्ही तयार नाही. आमच्याकडे तक्रारींमागे कायद्याची चाड क्वचितच असते. भावाभावांतील वाटणीचा तंटा वा भाटकार-मुंडकारांचे जुने वैर पंचायतीच्या दारी येते, आणि विधवेची पडकी भिंत नोटिशीखाली तशीच पावसात भिजते. कोणत्या कामास परवाना लागतो, कोणती कागदपत्रे जोडावी लागतात, याची यादी पंचायतीने मराठी-कोकणीत आपल्या फलकावर का लावू नये? दुरुस्तीचे अर्ज मे महिना उजाडण्यापूर्वी निकालात का निघू नयेत? येत्या ग्रामसभेत वाचकांनी हे दोन प्रश्न सरपंचांस विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.