कंबाइनच्या इंजिनाची उष्णता : आवरण हवे, पण स्वच्छतेला पर्याय म्हणून नव्हे

मार्चच्या मध्यापासून माळव्यात आणि नर्मदेच्या खोऱ्यात, तर बैसाखीच्या सुमारास पंजाब-हरियाणात गव्हाची कापणी भरात येते. पंजाबातून निघालेली कंबाइन हार्वेस्टर यंत्रे मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तेलंगण अशी मजल-दरमजल करीत फिरतात. पीक कडक वाळलेले, हवा कोरडी, वारा सुटलेला आणि यंत्राभोवती भुश्याचा ढग. या ढगाच्या मधोमध दिवसभर पूर्ण भाराखाली चालणारे डिझेल इंजिन असते. दरवर्षी या दिवसांत उभ्या पिकाला लागलेल्या आगींच्या बातम्या येतात. विजेच्या तारा, विडीचे थोटूक, पेटवलेले धसकट ही कारणे लगेच सांगितली जातात. इंजिनाच्या तापलेल्या भागांचा विचार मात्र क्वचितच होतो. तो व्हावा, यासाठी हा लेखप्रपंच.

पूर्ण भारावर चालणाऱ्या टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा वायू टर्बोच्या तोंडाशी ५०० ते ६०० अंश सेल्सिअस, कधी त्याहूनही अधिक तापलेला असतो. हा वायू ज्यातून वाहतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचे टर्बाइनकडील घर ही दोन्ही ओतीव लोखंडाची असतात व तीही त्याच प्रमाणात तापतात. याउलट धान्याच्या बारीक धुळीचा थर तापलेल्या पृष्ठभागावर साचून राहिला, तर साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान तो धुमसू लागू शकतो. थर जितका जाड आणि जितका वेळ पडून राहील, तितके हे तापमान खाली येते. ज्वाला लगेच दिसत नाही. धुमसणारा गोळा पंख्याच्या वाऱ्याने उडून काडात पडतो आणि चालकाला मागे धूर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

अन्य क्षेत्रांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, तेलगळती झाल्यास ज्यावर तेल उडू शकते असे २२० अंशांहून अधिक तापणारे इंजिनकक्षातील पृष्ठभाग उष्णतारोधक आवरणाने झाकलेच पाहिजेत. अमेरिकेतील भूमिगत कोळसा खाणींत, स्फोटक वायूची शक्यता असलेल्या भागांत चालणाऱ्या डिझेल यंत्रांच्या पृष्ठभागासाठी १५० अंशांची मर्यादा आहे. कोळशाची धूळ आणि गव्हाचा भुसा यांत पेट घेण्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर नाही. मग शेतातील यंत्राकडे आपण त्याच नजरेने का पाहू नये?

मोटारगाड्यांत हा विचार रुळलेला आहे. टर्बो असलेल्या गाडीचे बॉनेट उघडले की मॅनिफोल्डवर पत्र्याची उष्णता-ढाल दिसते. हौशी मंडळी त्यापुढे जाऊन काचतंतू किंवा बेसाल्टतंतूची पट्टी गुंडाळतात. उष्णता वायूतच राहिली तर टर्बाइनला अधिक ऊर्जा मिळते आणि बाजूच्या वायर व रबरी नळ्या वाचतात, हे त्यामागचे गणित. आता हीच पट्टी कंबाइन आणि मोठ्या ट्रॅक्टरांवरही गुंडाळली जाऊ लागली आहे. हेतू चांगला आहे. परंतु गाडीतील उपाय जसाच्या तसा शेतात आणणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ढाल आणि गुंडाळी यांतील फरक

ढाल तापलेल्या भागाला चिकटत नाही. मध्ये हवेची पोकळी राहते आणि चकचकीत पत्रा किरणोत्सर्गाने येणारी उष्णता परतवतो. ही उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ५०० अंशांचा पृष्ठभाग २५० अंशांच्या पृष्ठभागापेक्षा दुप्पट नव्हे, तर जवळजवळ पावणेपाच पट उष्णता फेकतो. म्हणूनच एक साधा पत्रासुद्धा मोठे काम करतो.

गुंडाळीचे तसे नाही. ती धातूला चिकटून असते. आतली उष्णता बाहेर पडू न शकल्याने ओतीव लोखंड अधिक तापते आणि तापणे-थंड होणे या चक्रात त्याला चिरा पडू शकतात. पट्टीखाली ओल राहिली तर गंज चढतो. चीर पडली किंवा गॅस्केट फुटले तरी ते झाकलेले राहते. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, नळी पाझरून पट्टीत डिझेल किंवा इंजिन ऑइल मुरले, तर ती पट्टी दिव्याच्या वातीसारखी होते. खरखरीत पट्टीवर भुसाही अधिक चिकटतो. थोडक्यात, आग टाळण्यासाठी लावलेली वस्तूच आगीचे घर बनू शकते. गोणपाट किंवा ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याचा विचारही करू नये. पहिले जळते, दुसरी फुप्फुसे जाळते.

म्हणून क्रम असा असावा. पहिली पायरी, उत्पादकाने दिलेली मूळ ढाल जागेवर आहे का ते पाहणे. दुरुस्तीच्या वेळी काढलेली ढाल कोपऱ्यात पडून राहते आणि यंत्र तिच्याविना हंगाम काढते, हे आपल्या कार्यशाळांतील नेहमीचे चित्र आहे. दुसरी पायरी, मॅनिफोल्ड व टर्बोच्या जोडांतील वायुगळती आणि जवळच्या इंधन-तेलाच्या नळ्या तपासणे. त्यानंतरच, आवश्यकता भासल्यास, त्या इंजिनाच्या मापाचे, काढता-घालता येणारे, बाहेरून तेल न शोषणारे आवरण उत्पादकाच्या संमतीने बसवावे. ते फक्त टर्बाइनकडील घरावर असावे. मधला बेअरिंगचा भाग आणि थंड हवेचा कॉम्प्रेसर झाकू नये. त्या बेअरिंगला तेलच वंगण देते आणि थंडही ठेवते. आवरणामुळे उष्णता अधिक काळ टिकते. म्हणून भाराखालून आलेले इंजिन तडक बंद न करता तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालू ठेवणे अधिकच गरजेचे होते. अन्यथा बेअरिंगमधील तेलाचा कोळसा होतो.

आणखी एक भान हवे. आवरणाने उष्णता नाहीशी होत नाही, ती पुढे जाते. टर्बोनंतरची नळी व सायलेन्सर त्यामुळे आधीपेक्षा अधिक तापू शकतात. एक जागा झाकताना पुढची विसरून चालणार नाही.

दहा मिनिटांची किंमत कोण देणार?

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात सूर्यफुलाच्या कापणीत कंबाइन पेटण्याचे प्रकार वाढले, तेव्हा तेथील विद्यापीठाच्या अभियंत्यांनी अभ्यास केला. सूर्यफुलाची धूळ अन्य पिकांच्या धुळीपेक्षा कमी तापमानाला पेटते, असे त्यांना आढळले. त्यांनी शोधलेला उपायही बोलका आहे : टर्बो व मॅनिफोल्डभोवती धूळविरहित हवा खेळती ठेवणे. म्हणजे मूळ प्रश्न उष्णतेचा जितका, तितकाच ती भुश्याला भेटण्याचा आहे.

ही भेट टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्वच्छता. दर काही तासांनी यंत्र थांबवून, कडेच्या मोकळ्या जागी नेऊन, इंजिन थंडावू देऊन भुसा हवेच्या झोताने किंवा ब्रशने काढावा. परंतु चालकाचे उत्पन्न एकरावर ठरते. थांबलेले यंत्र म्हणजे बुडालेले भाडे. त्याला केवळ उपदेश करून उपयोग नाही. शेतकऱ्यानेच ठरवताना सांगावे की, माझ्या शेतात उतरण्यापूर्वी इंजिन झाडून घ्या, त्या वेळेचे पैसे मी देतो. अवजार केंद्रांनी ही अट भाडेपत्रकात लिहावी. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उभ्या पिकासाठी नैसर्गिक आग व वीज यांचा उल्लेख आहे. यंत्रातून लागलेली आग त्यात बसवणे कठीण. त्यामुळे दहा मिनिटांची काटकसर वर्षाच्या कष्टांवर बेतू शकते.

विस्तार कार्यकर्त्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. हंगामापूर्वीच्या मेळाव्यात एक कंबाइन उभे करून, काही काळ भाराखाली चालवून, इन्फ्रारेड तापमापीने ढालीसह व ढालीविना तापमान मोजून दाखवावे. चकचकीत पत्र्यावर ही तापमापी खरे तापमान कमी दाखवते. म्हणून मोजण्याच्या जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. आकडा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी भाषण विसरेल, आकडा विसरणार नाही. बुदनीच्या केंद्रीय संस्थेसारख्या चाचणी केंद्रांच्या अहवालांतही इंजिनाच्या तप्त भागांचे पृष्ठ-तापमान ठळकपणे यावे, म्हणजे खरेदीदाराला इंधनखपतीबरोबर सुरक्षिततेचीही तुलना करता येईल.

यंत्र अधिक ताकदीचे होत जाईल, तशी त्याची धगही वाढेल. ती आवरावी जरूर, पण आवरण चढवले म्हणून निर्धास्त होऊ नये. ढाल जागेवर, नळ्या कोरड्या, इंजिन झाडलेले आणि हाताशी अग्निशामक, एवढे चार शब्द पाळले तरी पुष्कळ शेते वाचतील.