‘मुलं मिळत नाहीत’ म्हणे!

प्रसारण क्षेत्रातल्या कुठल्याही वरिष्ठाला गाठा, दोन मिनिटांत रडगाणं सुरू होतं. ‘इंजिनिअर मिळत नाहीत हो. हल्लीच्या मुलांना एसीत बसून कोडिंग हवं.’ मी एका वृत्तवाहिनीच्या मास्टर कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करते, त्यामुळे हे मला नियमित ऐकवलं जातं. म्हणून एकदाच स्पष्ट सांगते: हे खोटं आहे. दाराला आतून कडी तुम्हीच घातलीत, आणि आता आतूनच ओरडताय की कुणी येत नाही.

ईएनटीसीला आम्ही मॉड्युलेशन शिकलो, अँटेना शिकलो. प्लेसमेंटला मात्र सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग. प्रसारणातली एकही नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२५मध्ये तरुण इंजिनिअर मागवले, ते ‘टेक्निकल इंटर्न’ म्हणून, एका वर्षाच्या बोलीवर.

एका वर्षात काय शिकता येतं? पुणे आकाशवाणी मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. एवढ्या लांब लहरीसाठी अख्खा मनोराच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. पावसाने जमीन भिजली की जुळणी सरकते, मनोऱ्याकडे पाठवलेली पॉवर उलटी फिरते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. कुठल्या पावसात कुठली कॉइल किती फिरवायची, हे मॅन्युअलमध्ये नसतं. ते तिथे तीस पावसाळे काढलेल्या माणसाला माहीत असतं. तो निवृत्त होतो, सत्कार होतो, शाल-नारळ मिळतो आणि ते ज्ञान त्याच्यासोबत घरी जातं. त्याच्या शेजारी शिकायला कुणी बसवलेलंच नसतं.

‘आता सगळं सॉफ्टवेअर करतं,’ हे पुढचं उत्तर. करतं ना! स्टुडिओतल्या केबलींची जागा नेटवर्कने घेतली. २०१७मध्ये आलेल्या एसटी २११० या मानकात चित्र, आवाज आणि डेटा वेगवेगळे प्रवाह म्हणून धावतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या हिशेबाने जुळवावी लागतात. घड्याळ चुकलं की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. म्हणजे काम कमी झालं नाही, वाढलं. पण माणूस एकच. त्याने नेटवर्क सांभाळायचं, सर्व्हर सांभाळायचे, सॅटेलाइटचा अपलिंक बघायचा आणि रात्री तीनला ग्राफिक्सचं मशीन अडकलं तर तेही सोडवायचं. याला ‘मल्टिस्किलिंग’ म्हणतात. आमच्याकडे याला तीन पगारांची बचत म्हणतात.

आता तुमचा प्रश्न. रेडिओ ऐकतंय कोण? सगळं तर फोनवर आहे.

जुन्या गोष्टींसाठी गळा काढणाऱ्यांतली मी नाही. दूरदर्शनने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले, मार्च २०२२पर्यंत मोजके पन्नासेक ठेवून बाकीचे गुंडाळायचं ठरवलं, ते योग्यच होतं. पण ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूडकडे वीज गेली, पाठोपाठ मोबाइल टॉवरही मुके झाले. अशा वेळी तुमच्या हातातला महागडा फोन हा फक्त टॉर्च असतो, तोही बॅटरी असेतोवर. एक मिडियम वेव्ह ट्रान्समीटर मात्र एकट्याने कित्येक तालुके व्यापतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याच्यावर ताण येत नाही, आणि ऐकायला दोन सेलचा रेडिओ पुरतो. सरकारलाही हे कळतं. म्हणून तर एप्रिल २०२३मध्ये केंद्राने मोबाइल कंपन्यांना सांगितलं, फोनमधला एफएम बंद ठेवू नका, आपत्तीत लागतो.

आणि गंमत पाहा. आता चर्चा आहे ‘डायरेक्ट टू मोबाइल’ची: इंटरनेटशिवाय, थेट टॉवरवरून फोनवर टीव्ही. चाचण्या झाल्या, आयआयटी कानपूर त्यात आहे. म्हणजे फिरून गाडी टॉवरपाशीच आली. तो टॉवर सांभाळणार कोण? एका वर्षाचा इंटर्न?

मागणी साधी आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली की त्या इंजिनिअरच्या हाताखाली एक तरुण कायम नोकरीवर घ्या. त्या दोन वर्षांत त्याच्या वहीतलं आणि डोक्यातलं सगळं उतरवून घ्या. खासगी वाहिन्यांनी एका माणसाला एक काम द्यावं आणि त्या कामाचा पगार द्यावा. हे जमत नसेल तर निदान मुलांच्या नावाने बोटं मोडू नका.

मुलं आहेत. रांगेत उभी आहेत. खिडकी उघडा.