कारखाने कोठे जातात?

१३ सप्टेंबर २०२२ रोजी वेदान्त आणि फॉक्सकॉन या कंपन्यांनी १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पासाठी गुजरात सरकारशी करार केला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. तळेगावचा कारखाना कोणामुळे गेला, यावरून सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि तो संयुक्त प्रकल्प गुजरातलाही लाभला नाही. गदारोळ विरला, मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. भांडवल एखादे राज्य निवडते ते कशाच्या बळावर?

राज्यकर्त्यांचे ठरलेले उत्तर आहे : सवलतींच्या बळावर. या उत्तराची किंमत साणंदला दिसते. मायक्रॉन कंपनीचा तेथील २७५ कोटी डॉलरचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यातील ५० टक्के भार केंद्र सरकारचा, २० टक्के गुजरात सरकारचा. कंपनीचा वाटा उरलेला. थेट नोकऱ्या ५ हजार सांगण्यात आल्या. त्या वेळच्या विनिमयदराने एका थेट नोकरीमागे जनतेचे तीन कोटींहून अधिक रुपये पडतात. आनुषंगिक १५ हजार रोजगार हिशेबात धरले, तरी आकडा पाऊण कोटीच्या वर राहतो. भांडवल जनतेचे आणि मालकी कंपनीची, अशा या व्यवहाराला खाजगी उद्योजकता कसे म्हणावे?

अनुभव मात्र वेगळेच सांगतो. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरास आली, तेव्हा तेथील जमीन आधीच नांगरलेली होती. १९०२ मध्ये शिवसमुद्रमची जलविद्युत, १९०९ मध्ये विज्ञानसंस्था, १९४० मध्ये विमानांचा कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, यंत्रे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे सार्वजनिक कारखाने! त्यांतून घडलेले अभियंते हेच त्या नगरीचे खरे भांडवल होते. पुण्याची कथा निराळी नाही. १८५४ पासूनचे अभियांत्रिकी शिक्षण, पिंपरीचा सरकारी पेनिसिलिन कारखाना आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पुरविलेली जमीन व पाणी यांवर तेथील वाहनउद्योग उभा राहिला. तमिळनाडूत कामराज यांनी शाळेतील दुपारचे जेवण वाढविले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याची व्याप्ती आणखी मोठी केली. आज देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे चार त्या राज्यात आहेत. कारखानदाराला कुशल कामगार मुलगी दिसते; तिला शाळेत टिकवून धरणारे ते ताट दिसत नाही.

केंद्राच्या धोरणाचा हातही विसरता येत नाही. पोलादाचा वाहतूकखर्च १९५६ पासून देशभर समान करण्यात आला आणि बिहार-बंगालचा निसर्गदत्त लाभ पुसला गेला. त्याचा फायदा ज्यांना झाला, त्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. म्हणून अन्यायाची ओरड करताना महाराष्ट्राने आपली जुनी खतावणीही उघडावी.

सवलतींच्या लिलावात अखेर कामगाराचाही बळी मागितला जातो. २०२३ मध्ये कर्नाटकाने बारा तासांच्या दिवसाची वाट मोकळी केली. तमिळनाडूने एप्रिलमध्ये तसेच विधेयक संमत केले. कामगार संघटनांच्या विरोधामुळे ते १ मे रोजी मागे घ्यावे लागले. एवढे देऊनही शाश्वती नाही. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये बंद पडला. हजारो तरुण कामगार रस्त्यावर आले.

महाराष्ट्राने १९६४ पासून प्रोत्साहन योजना आखल्या, त्या उद्योग मुंबई-पुण्याबाहेर न्यावेत म्हणून. ज्या तळेगावसाठी २०२२ मध्ये सवलतींची थैली मोकळी करण्याची तयारी होती, ते पुण्याच्या उंबरठ्यावर आहे. हिंगोली आणि गडचिरोलीच्या वाट्याला काय आले, हे विधिमंडळात कोणी विचारले?

प्रत्येक मोठ्या कराराचा मसुदा आणि दर नोकरीमागचा सार्वजनिक खर्च मंजुरीपूर्वी विधिमंडळापुढे ठेवावा. सवलतींची कमाल मर्यादा राज्यांनी आंतरराज्य परिषदेत एकत्र बसून ठरवावी. वाचलेला पैसा मागास जिल्ह्यांतील शाळा, तंत्रशाळा, पाणी आणि वीज यांवर खर्च व्हावा. दिलेली सवलत कंपनीबरोबर निघून जाते. शिकलेला माणूस आणि बांधलेला कालवा तेथेच राहतो. कारखाने त्यांच्या मागे येतात.