खोटा दाखला आणि खरा आजार

सोमवारी सकाळी दवाखान्यात औषधासाठी येणाऱ्यांपेक्षा दाखल्यासाठी येणारे जास्त असतात. ‘डॉक्टर, शनिवारी ताप होता, कामावर गेलो नाही. तेवढा दाखला द्या, नाहीतर पगार कापतील.’ ताप उतरलेला असतो, नाडी ठीक असते आणि शनिवारी मी त्याला पाहिलेलेही नसते. असा मागच्या तारखेचा दाखला मला देता येत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदणीतून कमी होऊ शकते. पण म्हणून त्या माणसाला खोटारडा म्हणायलाही मी तयार नाही. त्याला शनिवारी खरोखरच ताप आला असेल. मात्र आपला शब्द चालत नाही आणि पैसे मोजून आणलेला कागद चालतो, हे त्याला कामाच्या जागीच शिकवले गेले आहे.

हाताखालच्या माणसांचा विश्वास कसा मिळवावा, यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. माझी कसोटी साधी आहे. तुमचा कामगार त्याचा आजार तुम्हाला न घाबरता सांगू शकतो का? सांगू शकत नसेल, तर वर्षाची सहल आणि दिवाळीचा मिठाईचा पुडा यांनी ती उणीव भरून निघत नाही. आणि त्याची किंमत एकट्या कामगाराला मोजावी लागत नाही.

क्षयाचेच घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. कामगार मान हलवतो आणि तपासणी पुढे ढकलतो. ‘टीबी निघाला तर घरी बसवतील’ ही भीती. मग खोकल्याचे औषध घेत तो त्याच बंद शेडमध्ये राबत राहतो आणि हवेतून पसरणारा हा आजार शेजारच्याला देतो. वास्तविक योग्य औषधे सुरू झाली की संसर्गाचा धोका काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात. पोषणासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदतही नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. औषधाची सोय आहे, अडते ते नोकरीच्या भीतीपाशी.

फिट्स येणाऱ्या माणसाचेही तसेच. नियमित औषधांनी अशा बहुतेकांच्या फिट्स आटोक्यात राहतात. मात्र उंचीवर किंवा फिरत्या यंत्राजवळ त्यांना काम देऊ नये. ते देऊ नये हे साहेबांना कळणार कसे, जर सांगितल्याबरोबर हिशेब हातात मिळणार असेल? इन्सुलिन घेणारा मधुमेही रात्रपाळीत जेवण लांबले तरी गप्प राहतो आणि साखर उतरून यंत्राशेजारी घेरी येऊन पडतो. लघवीला जायची परवानगी मागायला लाजणाऱ्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन माझ्याकडे येतात.

यावर उद्योजक मित्र मला ऐकवतात, ‘डॉक्टर, तुम्हाला बोलायला काय जाते? थोडी सूट दिली की निम्मी पाळी गैरहजर!’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सवलतीचा गैरफायदा घेणारे दोन-चार जण सगळीकडे असतात. त्यांच्याशी वेगळे बोलावे, गरज पडली तर कारवाईही करावी. पण दोघांसाठी शंभरांना चोर ठरवू नये. दर सोमवारी खाडा करणाऱ्याच्या मागेही कधी दारूचे व्यसन, कधी कंबरदुखी, तर कधी मनाचे नैराश्य असते. एकांतात चार शब्द विचारले तर ते कळते. मेमो दिल्याने कळत नाही.

व्यवस्थापकांनी काही गोष्टी आजपासून कराव्यात. पहिली, एक-दोन दिवसांच्या आजारासाठी दाखला मागू नये, फोन पुरेसा मानावा. आमचा वेळ खऱ्या रुग्णांसाठी राहील. दुसरी, गुप्तता पाळावी. माणूस कामाला योग्य आहे का, विश्रांती किती दिवस आणि कोणते काम टाळायचे, एवढे कंपनीला कळले की पुरे. दाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरवणे हा त्या माणसाचा अपमान आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने केवळ त्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. तिसरी, राज्य कामगार विमा योजना लागू असेल तर कागदपत्रे वेळेवर पाठवावीत. अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. हा त्याचा हक्क आहे, साहेबांची मेहेरबानी नव्हे. चौथी, साहेबांनी स्वतः ताप असताना घरी राहावे. ‘मी एकशे दोन तापात कामावर आलो’ ही फुशारकी ऐकणाऱ्याला घरी थांबण्याची सोय उरत नाही.

कामगार बांधवांनाही सांगणे आहे. टाळी एका हाताने वाजत नाही. आजारी पडलात तर पाळी सुरू होण्याआधी कळवा, आणि लग्नाला जायचे असेल तर लग्नाचीच रजा मागा. तापाचे खोटे कारण सांगणारा पुढच्या खऱ्या तापकऱ्याचे नुकसान करतो.

विश्वास नोटीस बोर्डावर चिकटवता येत नाही. पहिल्या आजारी माणसाशी तुम्ही कसे वागलात, ही बातमी दुपारच्या डब्यापर्यंत साऱ्या शेडमध्ये पोचलेली असते. दुसऱ्याला खोकला झाला की तो तुमच्याकडे येईल की लपवील, हे तिथेच ठरते.