रायव्हल म्हणजे कोण?



क्रिकेटचा सामना असो की वार्षिक परीक्षा, 'रायव्हल' हा इंग्रजी शब्द तुमच्या कानांवर पडतोच. त्याचा अर्थ विचारला, तर तुमच्यापैकी बरेच जण चटकन सांगतील, "दुश्मन!" मला हा अर्थ पटत नाही. का, ते ऐका.

हा शब्द लॅटिन भाषेतून आला. लॅटिनमध्ये ओढ्याला 'रिव्हस' म्हणतात. जे लोक एकाच ओढ्याचे पाणी वापरत, ते 'रिव्हालिस'. एकाच पाण्यावर दोघांचा हक्क आला, की तंटा आलाच. म्हणून पुढे या शब्दाला प्रतिस्पर्धी असा अर्थ मिळाला. म्हणजे रायव्हल हा कोणी परका नव्हे. तो आपल्याच ओढ्यावरचा शेजारी!

तुमच्या उर्दूतील 'रकीब' या शब्दाचाही मूळ अर्थ दुश्मन असा नाही. लक्ष ठेवणारा, निगराणी करणारा, असा आहे. मराठीत 'चढाओढ' म्हणतात. या शब्दात चढणे आहे आणि ओढणेही आहे. आपण वर चढायचे, की दुसऱ्याला खाली ओढायचे, हे आपणच ठरवायचे असते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले उदाहरण पाहा. विहीर आटली, की एक शेतकरी बोअर घेतो. शेजारी त्याहून खोल बोअर घेतो. मग पहिला आणखी खोल जातो. पण जमिनीखालचे पाणी दोघांचे एकच असते. शेवटी दोन्ही बोअर कोरड्या पडतात. ही झाली एक चढाओढ.

आता दुसरी पाहा. पाणी फाउंडेशनने २०१६ साली 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही गावागावांची स्पर्धा सुरू केली. भर उन्हाळ्यात श्रमदान करायचे, चर खणायचे, बांध घालायचे आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवायचे. २०१८ साली ही स्पर्धा ४५ दिवस चालली. सातारा जिल्ह्यातील टाकेवाडी पहिली आली. दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत आपल्या मोताळा तालुक्यातील सिंदखेड हे गाव होते.

टाकेवाडी जिंकली, म्हणून सिंदखेडचे पाणी कमी झाले का? नाही. ज्या गावांना काहीच बक्षीस मिळाले नाही, त्यांनी मुरवलेले पाणीही त्यांच्याच शिवाराच्या कामी आले.

तुम्ही म्हणाल, "वर्गात पहिला नंबर तर एकालाच मिळतो." खरे आहे. पण गणित समजणे एकालाच मिळते असे कुठे आहे? मैत्रिणीपासून वही लपवणे म्हणजे शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेणे. तिला अडलेले गणित समजावून सांगणे म्हणजे पाणी मुरवणे. समजावताना ते आपल्यालाही अधिक पक्के कळते.

म्हणून मुलांनो, रायव्हल जरूर असावा. त्याच्यामुळे आपण पहाटे उठतो, अभ्यासाला बसतो. मात्र त्याच्याशी चुरस करताना एवढे विसरू नका, की ओढा दोघांचा आहे.